अर्ली इंटरव्हेन्शनचं बिलिंग (अमेरिका): थेरपिस्ट आणि पालक, दोघांसाठी

मैत्रेयी_नेपरव्हिल

नमस्कार मंडळी,

नायर, केईएम, सायन, नागपूर इथून ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी) करून आणि मुंबईतून स्पीचचं (वाचा-उपचाराचं) शिक्षण घेऊन अमेरिकेत आलेले आपले बरेच जण आता अर्ली इंटरव्हेन्शनमध्ये यायला लागलेत. एजन्सी सोडून स्वतंत्र काम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बिलिंगचं कसं करतेस गं?" प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवते. मी इलिनॉयमध्ये आहे. केंद्रीय कायदा सगळीकडे एकच, पण पैसे कोण आणि कसे देणार हे राज्यागणिक बदलतं. त्यामुळे माझं वाचून झालं की आपल्या राज्याची नियमावली उघडून पडताळून घ्या.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अर्ली इंटरव्हेन्शन (ईआय) हा कार्यक्रम १९८६ च्या कायद्याने सुरू झाला. आज तो आयडिया कायद्याच्या (अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा) पार्ट सी खाली येतो. जन्मापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या ज्या बाळांची वाढ मागे आहे त्यांच्यासाठी थेरपिस्ट शक्यतो घरी किंवा डेकेअरमध्ये जातो. रेफरल आल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन आयएफएसपीची पहिली बैठक व्हावी लागते. आयएफएसपी म्हणजे त्या कुटुंबासाठीचा लेखी आराखडा: उद्दिष्टं कोणती, कोणती सेवा, आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कुठे. हा कागद नीट वाचायची सवय लावून घ्या, कारण तुमचं प्रत्येक बिल त्याला ताडून पाहिलं जातं.

आता मुद्द्याचं. बिलिंग म्हणजे महिनाअखेरीस करायचं कारकुनी काम असं आपल्यातले बरेच जण मानतात. माझं ठाम मत वेगळं आहे. बिल बाळाच्या घरातच तयार होतं, तुम्ही नोट लिहिता तेव्हा. आयएफएसपी, ऑथरायझेशन (सेवेला मिळालेली लेखी मंजुरी), सेशन नोट (भेटीची नोंद) आणि क्लेम (पैशांची मागणी) हे चार कागद एकमेकांशी जुळले तर पैसे येतात, आणि नंतर ऑडिट आलं तरी ते पैसे तुमच्याकडे राहतात. एकही कागद वेगळं काही सांगत असेल, तर थेरपी कितीही उत्तम केलेली असो, परतावा मागितला जाऊ शकतो. मेडिकेडचा (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) पैसा त्यात असेल तर खोट्या क्लेमचा कायदाही लागू होतो, म्हणून इथे "चालतंय की" म्हणू नका.

सुरुवातीची तयारी. राज्याचं लायसन्स आणि दहा आकडी एनपीआय (प्रोव्हायडरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) सगळीकडे लागतो. इलिनॉयमध्ये याशिवाय प्रोव्हायडर कनेक्शन्स या कार्यालयाकडून ईआयचं क्रेडेन्शियल (पात्रतेचं प्रमाणपत्र) घ्यावं लागतं, मेडिकेडच्या इम्पॅक्ट प्रणालीत नोंदणी करावी लागते आणि सेंट्रल बिलिंग ऑफिसकडे, म्हणजे सीबीओकडे, नाव नोंदवावं लागतं. हे सगळं हातात येईपर्यंत एकही भेट करू नका. "आत्ता सुरू करा, कागद मागाहून येतील" असं कोणी गळ घालून म्हणालं तरी नाही. क्रेडेन्शियलच्या तारखेआधीच्या भेटीचे पैसे मिळत नाहीत.

पैसे कोण देतं. पार्ट सी चा निधी सगळ्यात शेवटी वापरायचा, असं कायदाच सांगतो. बाकी कुणीही देणारं असेल तर आधी त्याच्याकडे जायचं: खासगी विमा, मग मेडिकेड, मग राज्य. म्हणजे विमा असलेल्या बाळाचा क्लेम आधी विमा कंपनीकडे जातो. तिथून ईओबी (क्लेमचं काय झालं ते सांगणारा कागद) येतो, आणि तो जोडून उरलेल्या रकमेसाठी सीबीओकडे जायचं. काही सेवा विम्याकडे पाठवायच्याच नसतात. आमच्याकडे डेव्हलपमेंटल थेरपी त्यातलीच.

नवीन लोक हमखास अडकतात ती जागा इथेच आहे. विमा कंपनीने "ही सेवा आमच्या पॉलिसीत नाही" म्हणून नाकारलं, तर सीबीओ पैसे देतं. पण "पूर्वपरवानगी (प्री-ऑथ) घेतली नव्हती" किंवा "क्लेम मुदतीनंतर आला" म्हणून नाकारलं, तर तो दोष तुमचा धरला जातो आणि राज्य हात वर करतं. म्हणून बाळ घेतल्या घेतल्या विमा कंपनीला फोन करा, प्री-ऑथ लागतं का विचारा आणि कॉलचा रेफरन्स नंबर फाइलमध्ये लिहून ठेवा.

कोड. ओटी-पीटीचे रोजचे सीपीटी कोड (सेवेचा प्रकार सांगणारे आकडे) म्हणजे ९७५३०, ९७११० आणि ९७११२. तिन्ही १५ मिनिटांच्या युनिटचे. स्पीचचा ९२५०७ मिनिटांवर चालत नाही, एका भेटीला एकच. सोबत कोणत्या शाखेचं काम ते सांगणारा मॉडिफायर: पीटीला जीपी, ओटीला जीओ, स्पीचला जीएन. ठिकाणाचा कोड घर असेल तर १२. भेट डेकेअरमध्ये झाली आणि सवयीने १२ टाकला तर नोट एक सांगते आणि क्लेम दुसरं. अशा विसंगतीच ऑडिटर शोधत असतो.

मिनिटांचं गणित एकदा हाताने करून बघा. ८ ते २२ मिनिटं म्हणजे १ युनिट, २३ ते ३७ म्हणजे २, ३८ ते ५२ म्हणजे ३, ५३ ते ६७ म्हणजे ४. समजा १०:०२ ला सुरू करून १०:४९ ला संपवलं. एकूण ४७ मिनिटं, म्हणजे ३ युनिट. त्यात ९७५३० चं काम २७ मिनिटं आणि ९७११० चं २०. प्रत्येकी एक युनिट पूर्ण झालं की उरतात १२ आणि ५. तिसरं युनिट जास्त उरलेल्याला, म्हणजे ९७५३० ची २ आणि ९७११० चं १. हा नियम मूळचा मेडिकेअरचा (मुख्यतः वयस्करांच्या सरकारी विम्याचा) आहे. खासगी कंपन्या थोडं वेगळं मोजतात, तेव्हा कंपनीगणिक विचारून घ्या. आणि प्रत्येक नोटवर १०:०० ते ११:०० असं गोळाबेरीज लिहू नका. रोज घड्याळाच्या ठोक्यावर सुरू होणाऱ्या भेटी पाहिल्या की कुणालाही शंका येते.

नोट. ही सगळ्यात महत्त्वाची, म्हणून एक नमुना देते. नोट अर्थात इंग्रजीत लिहायची, इथे मराठीत मांडते.

वाईट नोट: "मूल छान खेळलं. ब्लॉक्स लावले. आईशी बोलणं झालं. प्रगती चांगली."

चांगली नोट: "१०:०२ ते १०:४९. घरी, आजी हजर. उद्दिष्ट क्र. २: जेवताना चमचा स्वतः धरून तोंडापर्यंत नेणे. पायाखाली स्टूल दिल्यावर बसणे स्थिर. जाड दांड्याचा चमचा, घट्ट कालवलेला वरणभात. दहापैकी चार घास न सांडता तोंडापर्यंत, गेल्या आठवड्यात एक. मनगटाला हलका आधार लागला. आजीला कोपराखाली आधार कसा द्यायचा ते दाखवले, तिने स्वतः करून दाखवले. आठवडाभर रात्रीच्या जेवणाला हेच. पुढील भेटीत आधार कमी करून पाहणे."

दुसरी लिहायला पाचेक मिनिटं जास्त लागतात. पण त्यात वेळ, ठिकाण, आयएफएसपीचं उद्दिष्ट, तुमचं कौशल्य, मोजता येणारा बदल आणि घरच्यांना काय शिकवलं, सगळं आलं. विमा कंपनीने ही भेट वैद्यकीयदृष्ट्या गरजेची का होती असं विचारलं तर उत्तर तयार आहे. आणि उद्या तुमच्या जागी दुसरी थेरपिस्ट आली तर ती आजीला पुन्हा पहिल्यापासून प्रश्न विचारणार नाही.

भेट रद्द झाली तर बिल नाही. आईबाबांची सही भेट संपल्यावर, त्याच दिवशी, वेळ लिहून झाल्यावर घ्यायची. कोऱ्या लॉगवर (भेटींच्या नोंदवहीवर) महिन्याच्या सह्या आधीच घेऊन ठेवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सरळसरळ खोटी नोंद आहे.

प्रश्न विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगते.

---

स्वरूपा_एसएलपी

मैत्रेयी, फार गरजेचा धागा. स्पीचवाल्यांसाठी थोडी भर.

निदानाचा कोड जपून लिहा. "वाढ मागे आहे" एवढंच सांगणारा आर६२.५० टाकला की पुष्कळ विमा कंपन्या क्लेम परत पाठवतात. तपासणीत समजणं आणि बोलणं दोन्ही मागे दिसलं असेल तर एफ८०.२ हा नेमका कोड आहे, फक्त बोलणं मागे असेल तर एफ८०.१. मात्र जे तपासणीत आहे तेच लिहायचं. पैसे मिळतात म्हणून मोठं निदान चिकटवलं तर ते बाळाच्या कागदपत्रांत राहतं.

दुसरं म्हणजे हॅबिलिटेटिव्ह आणि रिहॅबिलिटेटिव्ह. गमावलेलं परत मिळवणं आणि मुळात न आलेलं शिकवणं यात विमा कंपन्या फरक करतात. आपली बाळं दुसऱ्या प्रकारात. त्यासाठी ९६ हा मॉडिफायर २०१८ पासून आहे. काही पॉलिसींत दोन्हींच्या भेटींची मर्यादा वेगवेगळी असते, आणि ९६ लावला नाही तर भेटी चुकीच्या खात्यातून वजा होतात.

आणि घरात मराठी बोलणारं बाळ असेल तर तपासणी मराठीतही व्हायला हवी, कायद्यात तशी तरतूद आहे. दुभाषा लागला तर तो मागून घ्या, त्याचा खर्च कुटुंबावर पडत नाही. फक्त इंग्रजीत तपासून "चोवीस महिन्यांचा आहे आणि दहाच शब्द" लिहिलेले अहवाल मी पाहिलेत. त्याच मुलाला आजीबरोबर "दे, नको, पाणी, काऊ, भूभू, अजून" सगळं येत होतं. चुकीच्या तपासणीवर चुकीची आयएफएसपी, आणि त्यावर पुढची सगळी बिलं.

---

निखिल_शॉमबर्ग

मी थेरपिस्ट नाही, बाबा आहे. मुलगी १९ महिन्यांची, पीटी आणि ओटी चालू आहे. गेल्या आठवड्यात विमा कंपनीकडून कागद आला, त्यावर प्रत्येक भेटीचे शेकडो डॉलर लिहिलेत आणि खाली डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम). बायको घाबरून थेरपी थांबवूया म्हणतेय. आम्ही एच-१बी वर आहोत, काही भानगड तर होणार नाही ना? कुणी नीट सांगेल का?

---

मैत्रेयी_नेपरव्हिल

निखिल, थेरपी थांबवू नका. वहिनींनाही हे वाचायला द्या.

तो कागद म्हणजे ईओबी. त्यावर कुठेतरी "हे बिल नाही" असं छापलेलं असेल. थेरपिस्टने किती आकारले, कंपनीने किती मान्य केले, किती डिडक्टिबलमध्ये गेले, याचा तो हिशोब. इलिनॉयमध्ये ईआयच्या थेरपिस्टने ती उरलेली रक्कम तुमच्याकडून घ्यायची नसते. ती ईओबी लावून सीबीओकडे जाते आणि राज्याच्या दरापर्यंतचे पैसे सीबीओ देतं. तुमच्याकडून जाते ती फक्त फॅमिली फी. ती उत्पन्न आणि कुटुंबाचा आकार पाहून ठरते आणि सीबीओच कळवतं. थेरपिस्टने वेगळं बिल हातात दिलं तर पैसे देऊ नका, आधी सर्व्हिस कोऑर्डिनेटरला (तुमच्या बाळाच्या सेवा जुळवून देणाऱ्या व्यक्तीला) फोन करा.

काही गोष्टींचे पैसे कायद्याने कधीच लागत नाहीत: तपासणी, आयएफएसपी तयार करणं, सर्व्हिस कोऑर्डिनेशन. आणि ज्यांना खरंच परवडत नाही त्यांची सेवा पैशांमुळे अडवता किंवा लांबवता येत नाही.

व्हिसाबद्दल: बाळ त्या राज्यात राहतं आणि निकषात बसतं, एवढं पुरतं. एच-१बी वाल्यांची कितीतरी मुलं ईआयमध्ये आहेत.

एक मात्र तपासा. तुमच्या कंपनीचा प्लॅन सेल्फ-फंडेड (उपचारांचे पैसे नोकरी देणारी कंपनीच भरते असा) आहे का, आणि वर्षाला थेरपीच्या किती भेटी चालतात? असल्या प्लॅनवर राज्याचे विमा कायदे लागू होत नाहीत. ईआयच्या भेटींनी वर्षाची मर्यादा संपणार असेल, तर विम्यातून सूट मागायचा अर्ज करता येतो. सूट मिळेलच असं नाही, पण अर्ज लवकर करा.

---

निखिल_शॉमबर्ग

खूप आभार मैत्रेयीताई. आज सर्व्हिस कोऑर्डिनेटरशी बोललो, तिनेही हेच सांगितलं. प्लॅन सेल्फ-फंडेडच निघाला, ओटी-पीटी मिळून वर्षाला ६० भेटी. अर्ज मागवलाय. थेरपी चालू ठेवतोय.

---

बिलर_काका_क्वीन्स

मी न्यूयॉर्कमध्ये एका एजन्सीत बिलिंग बघतो. आमच्याकडची रीत वेगळी असल्याने लिहितो.

इथे कुटुंबाला खिशातून काही द्यावं लागत नाही. १ एप्रिल २०१३ पासून राज्याने एक स्टेट फिस्कल एजंट (बिलं आणि पैसे हाताळणारी संस्था) नेमला. त्याआधी काउंटी आणि न्यूयॉर्क शहर थेट पैसे देत. आता प्रोव्हायडरच्या नावाने आधी विमा, मग मेडिकेड, मग सरकारी निधी असा प्रवास होतो. घरच्या भेटीचे दोन प्रकार: साधी भेट ३० ते ५९ मिनिटांची आणि लांब भेट ६० मिनिटांची किंवा जास्त. म्हणजे २८ मिनिटं झाली तर बिलच नाही. आमच्या थेरपिस्ट मुली ट्रॅफिकमधून धावत येतात, बाळ रडत असतं, झोपलेलं असतं. ते सगळं समजतं. तरीपण २८ ची ३० करू नका. जुन्या नोटा काढून एकाच थेरपिस्टच्या दोन घरांतल्या वेळा शेजारी ठेवल्या जातात. ब्रूकलिनमध्ये ४:०० ला संपलं आणि क्वीन्समध्ये ४:०५ ला सुरू झालं, हे टिकत नाही.

आणखी एक. ओटी, पीटी, स्पीचला डॉक्टरांची लेखी ऑर्डर आधी लागते. ऑर्डरची तारीख पहिल्या भेटीच्या नंतरची असेल तर मधल्या भेटी गेल्या. माझ्या टेबलावर जे क्लेम अडतात त्यात सगळ्यात जास्त याच कारणाने अडतात, आणि हे सगळ्यात सहज टाळता येण्यासारखं आहे. डॉक्टरांच्या ऑफिसला फॅक्स करा, परत फोन करा, पुन्हा फोन करा, पण तारीख आधीची हवी.

मुदतीबद्दल: मेडिकेडसाठी केंद्राचा नियम सेवेच्या तारखेपासून १२ महिन्यांचा आहे, पण राज्यं त्याहून खूप कमी मुदत देतात. दर शुक्रवारी आठवड्याचं बिल टाकून मोकळं व्हा.

---

अश्विनी_न्यूजर्सी

आमच्याकडे न्यू जर्सीत फॅमिली फीला फॅमिली कॉस्ट पार्टिसिपेशन म्हणतात. उत्पन्न आणि घरातली माणसं बघून हिस्सा ठरतो. कागद वेळेत दिले नाहीत तर पूर्ण दराने आकारणी होऊ शकते, म्हणून पे-स्टब (पगाराच्या स्लिपा) मागितले की लगेच पाठवा. आणि पालकांनो, लॉगवर सही करण्याआधी वेळ वाचा. तुमची सही म्हणजे एवढी मिनिटं सेवा झाली याची साक्ष आहे.

---

डॉ_मंदार_सातारा

धागा वाचून इथली स्थिती सांगावीशी वाटली. आपल्याकडे लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत पथक जातं, शंका आली की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे पैसे लागत नाहीत, त्यामुळे बिल हा विषयच नाही. अडचण वेगळी आहे: आठवड्यातून दोनदा पाटण किंवा जावळीहून साताऱ्याला बाळ घेऊन येणं कुणाला जमणार?

म्हणून लोक जवळच्या खासगी थेरपिस्टकडे जातात आणि तिथे हातात येते ती कच्ची पावती. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण आहे, त्यात थेरपीही येते. पण पावतीवर तारीखवार सत्रं, थेरपीचा प्रकार, थेरपिस्टचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर दावा अडतो. स्पीच आणि विशेष शिक्षणवाल्यांची नोंदणी आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे), ओटी-पीटीची राज्याच्या परिषदेकडे. माझी इथल्या थेरपिस्ट मित्रमैत्रिणींना कळकळीची विनंती आहे की नोंदणी क्रमांकाचा शिक्का करून घ्या आणि न मागता प्रत्येक पावतीवर मारा. पालक संकोचतात, मागत नाहीत, आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

---

स्वरूपा_एसएलपी

डॉक्टर, पूर्ण अनुमोदन. पावती देणं हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

---

गौरी_पीटी

मैत्रेयी, एक प्रश्न. माझ्याकडचं एक बाळ पुढच्या महिन्यात तीन वर्षांचं होतंय. आजारपणामुळे त्याच्या काही भेटी बुडाल्या आहेत. आई म्हणते त्या वाढदिवसानंतर भरून द्या. ऑथरायझेशनमध्ये मिनिटं शिल्लक दिसतायत. बिल करता येईल का?

---

मैत्रेयी_नेपरव्हिल

नाही गौरी. मिनिटं शिल्लक असली तरी तिसऱ्या वाढदिवशी पार्ट सी ची पात्रता संपते आणि त्यानंतरच्या भेटीला पैसे नाहीत. बुडालेल्या भेटी आधीच भरून काढायच्या, तेही कोऑर्डिनेटरला विचारून, कारण आठवड्याला एक असं लिहिलं असेल तर एकाच आठवड्यात तीन केल्या की क्लेम अडकतो.

बाळाचा वाढदिवस १ मे ते ३१ ऑगस्टच्या दरम्यान आहे का बघ. इलिनॉयमध्ये अशा मुलांना शाळेचं नवं वर्ष सुरू होईपर्यंत ईआय चालू ठेवायची सोय आहे. त्याला अटी आहेत आणि आयएफएसपीत तशी नोंद व नवीन ऑथरायझेशन लागतं. ते हातात आल्याशिवाय जाऊ नकोस.

आणि ईआयनंतरच्या सेवेसाठी शाळेच्या जिल्ह्याबरोबरची बैठक झाली का? ती वाढदिवसाच्या निदान ९० दिवस आधी व्हायला हवी होती. झाली नसेल तर आजच कोऑर्डिनेटरला ईमेल कर, आईला सीसी ठेव.

---

गौरी_पीटी

वाढदिवस १२ जूनचा आहे! बैठक झालीये, शाळेची तपासणी चालू आहे. आत्ताच ईमेल टाकते.